डोंगरावरून पाहणारे तिघे

आधार : उत्पत्ति 13:8-13, मत्तय 4:8-10, अनुवाद 34:1-6



नागपुरातील इतवारी आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. लग्नाचे कापड, मुलीच्या अंगावर घालावयाचा दागिना, दुकानासाठी किराणा, यांपैकी कशासाठी तरी आपण कधी ना कधी त्या गर्दीत शिरला असाल. पूर्वी त्या शहरात वारावारांनी बाजार भरत, आणि त्यांवरून वस्त्यांस मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी नावे पडली. इतवारी हा त्यांतील आदित्यवारचा बाजार. ज्या वारास आपण प्रभूचा दिवस म्हणतो, त्याच वाराचे नाव धारण करणाऱ्या ठिकाणी तराजूचा आवाज सर्वांत मोठा असावा, या गोष्टीने आम्हांस अनेकदा विचारात पाडले आहे. आज आम्ही त्या इतवारीतून निघालेल्या एका लहानशा वाटचालीची हकीकत सांगणार आहो. ती सांगताना आमचा स्वतःचा एक दोषही आपणांपुढे ठेवावा लागणार आहे.

गतवर्षी दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. इतवारीत एका आजारी बाईंच्या भेटीस आम्ही गेलो असता वर्ध्याकडील एका खेड्यातील उपदेशक आम्हांस वाटेत भेटले. गावात त्यांस सर्व लोक मास्तर म्हणतात, म्हणून आम्हीही येथे तसेच म्हणू. मास्तरांनी त्या एकाच गावात वीस वर्षे काढली. पूर्वी तेथे अकरा कुटुंबे उपासनेस जमत. पुढे कोणी बुटीबोरीच्या कारखान्यांत गेले, कोणी पुण्यास गेले, दोन घरे रुसून वेगळी झाली. आता आदित्यवारी सात माणसे येतात. मास्तरांची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे, आणि तिची फी वेळेवर भरणे त्यांस जड झाले होते. त्यांचे एक चुलतबंधू इतवारीत धान्याच्या आडतीवर दिवाणजी आहेत. त्यांनी हिशेबनिसाची जागा मिळवून देण्याचे कबूल केले होते. पगार दरमहा ठरल्या तारखेस मिळणार होता. हे सर्व सांगून मास्तरांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला. तो राजीनामा होता. “हा कोणास द्यावयाचा ते सांगा,” एवढेच ते म्हणाले.

हातगाड्या, पोत्यांनी भरलेले रिक्षे आणि हमालांच्या हाका यांमध्ये अशा कागदाविषयी काय बोलणार? आम्ही म्हटले, “मास्तर, अगोदर थोडे चालून येऊ.” शहराच्या बसमध्ये बसून आम्ही पश्चिमेकडील सेमिनरी हिल्स या टेकडीवर गेलो. रोमन कॅथलिक पंथाच्या सेमिनरीवरून तिला हे नाव पडले आहे. टेकडी फार उंच नाही. सडक सोडून झाडीतल्या पायवाटेने चालू लागल्यावर अर्ध्या घटकेत शहराचा आवाज मागे राहतो. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते. गवत कमरेपर्यंत वाढून पिवळे पडू लागले होते, रायमुनियाची झुडपे फुलली होती, पळसाची पाने रुंद आणि हिरवी होती, आणि पायाखाली सर्वत्र काळा दगड होता. खेड्यातले पाय आणि शहरातले पाय यांत अंतर असते. मास्तर पुढे जात, थांबत, आणि आम्हांस धाप लागली आहे हे न पाहिल्यासारखे करून एखाद्या झाडाकडे पाहत उभे राहत.

माथ्यावर झाडी जेथे विरळ होते तेथे आम्ही बसलो. खालच्या खोलगट भागात फुटाळ्याच्या तलावाचे पाणी उन्हात चमकत होते. त्यास जुने लोक तेलंगखेडीचा तलाव म्हणतात. दुसऱ्या अंगास, पूर्वेकडे, नागपूर शहर पसरले होते. घरांवर घरे, उंच इमारती, पाण्याच्या टाक्या, आणि त्यांवर धुराची एक पातळ रेघ. त्यांत इतवारी कोठे हे बोटाने दाखविता येत नव्हते.

आता आमचा दोष सांगतो. ते शहर पाहून आम्ही मास्तरांस म्हणालो, “पहा, केवढी ही वस्ती! खेड्यात सात माणसांमागे आपण जन्म घालविला. येथे या. नोकरी करा, आणि आमच्या मंडळीत शब्बाथ शाळेस शिक्षक नाही, ती चालवा. आपल्यासारख्या माणसाचे चीज येथे होईल.” हे आम्ही दयेने बोलत आहो असेच त्या वेळी आम्हांस वाटले. परंतु आमच्या शाळेची रिकामी जागा आमच्या मनात होती, आणि आमच्या वार्षिक अहवालातील आकडेही होते. मास्तरांच्या दुःखाकडे पाहत असताना आम्ही आपलीच सोय पाहत होतो.

वाचकहो, पवित्र शास्त्रात डोंगरावरून किंवा उंचावरून पाहण्याच्या तीन गोष्टी आहेत. त्या दिवशी घरी परतल्यावर आम्ही त्या तिन्ही काढून पुन्हा वाचल्या.

पहिली गोष्ट लोटाची. अब्राम व लोट यांच्या गुराख्यांत भांडणे होऊ लागली, तेव्हा वडील असूनही अब्रामाने निवड करण्याचा मान पुतण्यास दिला. बेथेलच्या आसपासच्या उंच प्रदेशातून लोटाने दृष्टी टाकली आणि यार्देनेचे खोरे पाहिले. त्याने काय पाहिले ते नीट लक्षात घ्या. पाणी पाहिले. हिरवळ पाहिली. आपल्या कळपांस चारा किती मिळेल ते पाहिले. त्या खोऱ्यात कोणती माणसे राहतात हे त्याने पाहिले नाही, आणि आपण निघून गेल्यावर वृद्ध चुलत्याच्या वाट्यास काय उरते याचाही त्याने विचार केला नाही. पाणी पाहणे हे पाप नव्हे. कुणब्याने पाणी पाहावयाचे नाही तर काय पाहावयाचे? परंतु ज्याने केवळ पाणी पाहिले त्याचा तंबू हळूहळू सदोमाच्या वेशीकडे सरकत गेला.

दुसरी गोष्ट आपल्या प्रभूच्या परीक्षेची. सैतानाने त्याला अतिशय उंच डोंगरावर नेले आणि जगातील सर्व राज्ये व त्यांचे वैभव दाखविले. तेथेही दृश्य मोठे होते, आणि दाखविणाऱ्याने त्यातील एकही दुःख दाखविले नाही. एवढ्या राज्यांत किती आंधळे, किती कुष्ठी, किती विधवा असतील! त्यांतला एकही त्या चित्रात नव्हता. केवळ विस्तार आणि झगमगाट. ‘हे सर्व तुझे’ असे जो म्हणतो तो बहुधा असेच चित्र दाखवितो. प्रभूने त्यास शास्त्रातील वचन सांगून परत पाठविले आणि तो खाली उतरला. पुढे तो गालीलातील लहान गावांतून एकेका माणसापाशी थांबत फिरला.

हे वाचताना आमचे मन आम्हांस टोचू लागले. टेकडीवर मास्तरांच्या शेजारी बसून शहराकडे बोट दाखविणारा जो मनुष्य होता, तो त्या घटकेस कोणाचे काम करीत होता? बंधूंनो, पाळकाचा झगा घातल्याने मनुष्य या पापापासून सुरक्षित होत नाही. उलट त्यास ते करणे अधिक सोपे जाते, कारण त्याच्या बोलण्यास सेवेचे नाव देता येते.

आता टेकडीवर पुढे काय झाले ते सांगतो. मास्तरांनी उत्तर दिले नाही. पायाजवळचा एक काळा दगड उचलून ते तो हातात फिरवू लागले. बोलणे थांबलेले पाहून आम्ही त्या दगडाविषयीच बोलू लागलो. या भागात 1845 साली स्टीफन हिस्लॉप या नावाचे एक मिशनरी स्कॉटलंडहून आले. पुढच्या वर्षी त्यांनी नागपुरात शाळा घातली. ते पाळक होते, तसेच त्यांस भूमीचे थर वाचण्याचीही विद्या अवगत होती. 1851 साली आपले सोबती रॉबर्ट हंटर यांच्यासह ते टाकळीच्या बाजूस, म्हणजे आम्ही बसलो होतो त्याच भागात, फिरावयास गेले असता त्यांस खडकात दगड झालेले लहान शंख आढळले. ते समुद्रातले नव्हते. तळ्याच्या गोड्या पाण्यात राहणाऱ्या गोगलगायींचे होते.

हे शंख तेथे कसे आले, हेही आम्ही मास्तरांस सांगितले. विद्वान लोक म्हणतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या देशात भूमीस भेगा पडून वितळलेल्या खडकाचे लोट वाहिले. ते थंड झाले आणि आपला हा काळा पाषाण तयार झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानेच झाकला आहे, आणि नागपूर हे त्याच्या पूर्वेकडील काठावर आहे. शहराच्या पूर्वेस गेले की निराळा व अधिक जुना खडक लागतो. परंतु ते लोट सर्व एकदम आले नाहीत. एक येऊन निवे, मग पुष्कळ काळ शांतता राही. त्या शांततेत खळग्यांत पाणी साचे, तळी होत, झाडे वाढत, आणि पाण्यात गोगलगायी राहत. नंतर दुसरा लोट येऊन सर्व झाकून टाकी. हिस्लॉप साहेबांस मिळालेले शंख हे दोन अग्नींमधल्या त्या शांत काळातील होते.

मास्तर ऐकत होते. मग ते आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाले, “पाळकसाहेब, त्या शंखातल्या जिवाले मालूम होतं काय, का वरून अजून आग येनार हाय?”

आम्ही म्हणालो, “नसावे.”

“अन् मालूम असतं तर त्यानं काय केलं असतं?”

यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी तेच म्हणाले, “तळ्यात राहून आपला शंख बांधला असता. दुसरं त्याच्या हातात काय होतं?” एवढे बोलून ते पुन्हा गप्प झाले. काही वेळाने त्यांनी बोटे मोडीत सात नावे घेतली. एक आंधळी आजी, जिला गीतांची चाल आधी आठवते व शब्द मागून. तिचा नातू, जो सहाव्या इयत्तेत आहे आणि मास्तरांपाशी वाचावयास शिकला. दोन विधवा बहिणी. एक सालदार, ज्यास मालक आदित्यवारी सुट्टी देत नाही, तरी जो बैल सोडून अर्ध्या उपासनेस येतो. त्याची बायको. आणि सातवा एक म्हातारा, जो रुसून गेलेल्या दोन घरांपैकी एकाचा कर्ता आहे. तो दाराबाहेर बसून ऐकतो, आत येत नाही. “त्याला मी हजेरीत धरतो,” असे मास्तर म्हणाले. “तो आत आला नाही, तरी धरतो.”

आता शास्त्रातील तिसरी गोष्ट ऐका. मोशे एकशे वीस वर्षांचा झाला होता. चाळीस वर्षे त्याने कुरकुर करणारे लोक रानातून चालविले. शेवटी देवाने त्यास नबो डोंगरावर, पिसगाच्या शिखरावर नेऊन वचनदत्त देश दाखविला, आणि तू तेथे पलीकडे जाणार नाहीस असेही सांगितले. अनुवादाचा चौतिसावा अध्याय आम्ही पुष्कळ वेळा वाचला होता, तरी त्यातील एक गोष्ट त्या रात्री प्रथमच आमच्या ध्यानात आली. तेथे देश कसा वर्णिला आहे? गिलाद व दान, नफताली, एफ्राईम व मनश्शे, यहूदा. यांतील पुष्कळशी नावे इस्राएलाच्या वंशांची आहेत. त्या वेळी ते वंश तेथे वसलेच नव्हते! ते अजून खाली मवाबाच्या मैदानात तंबू ठोकून होते. म्हणजे देवाने मोशेला जमीन दाखविली ती तिच्यात पुढे राहावयाच्या माणसांच्या नावांनी दाखविली. लोटाने पाणी पाहिले. सैतानाने वैभव दाखविले. देवाने नावे दाखविली. उंचावरून पाहण्यात देवाची दृष्टी कोणती आणि इतर दृष्टी कोणत्या, हे ओळखण्याची खूण आम्हांस तेथे सापडली.

त्या टेकडीवर आम्ही शहर पाहून माणसे मोजीत होतो. मास्तर पाणी व घरे यांपलीकडे, दृष्टीस न पडणाऱ्या एका खेड्यातील सात माणसांस नावांनी पाहत होते. आमच्या दोघांपैकी पिसगावर कोण होता हे आपण ठरवा.

मोशेने पाहिले, परंतु तो तेथे पोहोचला नाही. हिस्लॉप साहेबांचेही तसेच झाले. 1863 सालच्या सप्टेंबराच्या 4 तारखेस, टाकळघाटाजवळील पुरातन दगडी वर्तुळे उकरण्याचे काम पाहून परत येत असता पावसाने भरलेल्या ओढ्यात ते बुडून मरण पावले. त्यांचे वय शेहेचाळीसही पुरते झाले नव्हते. ते आमच्याच वयाचे होते. अठरा वर्षांच्या श्रमानंतर त्यांच्या हाती काय होते? एक शाळा, काही विद्यार्थी, एक लहानशी मंडळी, आणि पेटीभर दगड. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज 1883 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी निघाले. त्यांनी ते पाहिले नाही. आज त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी किती जणांस तो ओढा ठाऊक असेल? तरी बांधलेला शंख वाया गेला नाही.

आपण विचाराल, मग मास्तरांनी तो कागद फाडून टाकला काय? नाही. गोष्टींत कागद फाडले जातात. मुलीची फी मात्र खरी असते, आणि ती भरावीच लागते. उतरताना आम्ही आमच्या बोलण्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्यांनी हसून आमचा हात धरला व एका निसरड्या दगडावरून आम्हांस उतरविले. पंधरा दिवसांनी त्यांचे पत्र आले. त्यांनी आडतीवरील जागा घेतली होती, पण एका अटीवर. शनिवारी संध्याकाळी त्यांस सुटी मिळावी. सहा दिवस ते इतवारीत हिशेब लिहितात, आणि इतवारी आपल्या गावी सात माणसांपुढे उभे राहतात. पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरले व शब्बाथवारी उपदेश केला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. पौलास ज्याची लाज वाटली नाही त्याची मास्तरांनी का बाळगावी? पत्राच्या शेवटी एवढेच होते की म्हातारा अजून दाराबाहेरच बसतो, पण आता उंबरठ्याला टेकून बसतो.

परंतु बंधुभगिनींनो, मास्तरांस लाज वाटावयास नको, म्हणून कोणासच लाज वाटावयास नको असे होत नाही. वीस वर्षे ज्याने एका गावाची सेवा केली, त्यास मुलीच्या फीसाठी आडतीवर जावे लागले, ही गोष्ट आम्हां सर्वांच्या हिशेबात लिहिली जाणार आहे. आपल्या आयांच्या वेळी चुलीजवळ एक मडके असे. भाकरीचे पीठ घेताना किंवा भाताचे तांदूळ घेताना बाई त्यात प्रभूसाठी एक मूठ टाकी, आणि आठवड्याच्या शेवटी ते धान्य उपदेशकाच्या घरी जाई. ते मडके आज कोठे आहे? गावात सातच माणसे असली तरी सात मुठी होतात. जे गाव सोडून कारखान्यांत व शहरांत गेले, त्यांसही आम्ही विचारतो : ज्याने तुम्हांस अक्षर शिकविले, ज्याने तुमच्या आईस मातीत ठेवताना प्रार्थना केली, त्याच्या घरी चूल कशी पेटते, हे तुम्ही कधी विचारले आहे काय? तुम्ही शहरात गेलात हा दोष नव्हे. जाताना मागे उरलेल्यांकडे न पाहणे हा लोटाचा दोष होय.

उपदेशक बंधूंनो, आपणांसही एक शब्द. आपली सभा लहान आहे म्हणून आपण खिन्न होता. आम्ही आपणांस मोठे आकडे दाखवून धीर देणार नाही, कारण आकड्यांचा धीर डोंगरावरच संपतो. एक दिवस सवड काढून आपल्या गावाजवळच्या टेकडीवर जा. प्रत्येक गावाजवळ एखादी टेकडी, निदान तलावाचा बांध तरी असतोच. तेथे बसून खाली पाहा. पीक किती, घरे किती, कोणाचे शेत मोठे, हे डोळे प्रथम मोजतील. त्यांस मोजू द्या. नंतर एकेका छपराकडे पाहून त्याखालील माणसाचे नाव घ्या. जो बोलत नाही त्याचेही घ्या. जो दाराबाहेर बसतो त्याचेही घ्या. मग खाली उतरा. डोंगर पाहण्यासाठी आहे, राहण्यासाठी नव्हे.

आणि पाळक म्हणविणाऱ्या आम्हां लोकांस हेच सांगणे की, थकलेला सेवक आपल्या शेजारी येऊन बसेल तेव्हा त्यास एकदम दृश्ये दाखवू नयेत. अगोदर त्याची सात नावे ऐकून घ्यावी.

प्रार्थना : हे प्रभो, उंचावर असताना आमच्या डोळ्यांस मोह पडू देऊ नको. जेथे आम्ही पाणी व वैभव पाहतो तेथे तू ज्यांस पाहतोस ती माणसे आम्हांस दाखीव. तुझ्या लहान मंडळ्यांतील सेवकांची भाकर व त्यांचा धीर संभाळ, आणि त्यांची भाकर आमच्या हातून पोहोचीव. दोन संकटांच्या मधला जो थोडा शांत काळ तू आम्हांस दिला आहे, त्यात आपले काम विश्वासूपणे करावयास आम्हांस शिकीव. आमेन.